गौरीची फ्याशन

साल एकोणीसशे शेहेचाळीस, आणि मी वीस वर्षांचा. त्याच वर्षी वैशाखात माझं लग्न झालं होतं. मी चौथीत शाळा सोडली, ती मास्तरांनी मारलं म्हणून. बाबांनी परत नेऊन बसवलं तर मी परत उठून आलो, असं तीन वेळा झालं, आणि मग बाबाच दमले. हे सांगायचं कारण एवढंच, की जे लिहितोय ते माझ्याच अक्षरात लिहितोय, नातीनं फक्त काने-मात्रे बघितलेत. तिनं एक-दोन ठिकाणी वाक्यंही सुधारली होती, ती मी खोडून पुन्हा माझी घातली.

आमचं घर पोशीरला, नदीच्या अंगाला. पुढं पडवी, मधे माजघर, मागं चूल आणि गुरांचा गोठा एकाच छपराखाली. पहाटे आईचं जातं सुरू व्हायचं, त्याच्या घरघरीत नेरळकडून गाडीची शिट्टी यायची आणि आई दळता दळता म्हणायची, उठ रं, गाडी उठली. भात लावून झालं की भादव्यापर्यंत जरा हाताला सवड मिळायची. भातातलं तण काढायची बेणणी चालायची, पण ती सावकाश. तेव्हा आमच्याकडं तांदळाची भाकरी, अळवाचं फदफदं आणि नदीतली चिंबोरी. चिंबोरी आई पाट्यावर वाटलेल्या खोबऱ्यात शिजवायची आणि तो वास पार वाटेपर्यंत जायचा. बाबांच्या पुढ्यात ताट आलं की आम्ही गप्प. ते जेवताना बोलत नसत आणि दुसऱ्यानं बोललेलंही त्यांना चालत नसे. हट्ट हा आमच्या घरात भातासारखा पिकायचा. बाबांचा होता, माझा होता, आईचा कुणाला दिसायचा नाही एवढंच.

फ्याशन हा शब्द आमच्या गावात माथेरानवरून उतरला. सुगी आटोपली की आमच्याकडची माणसं साहेबलोकांचं सामान डोंगरावर न्यायला जायची, बाबाही जायचे. तिथं त्यांनी मडमा बघितल्या. एका वर्षी त्यांच्या टोप्या ताटाएवढ्या, दुसऱ्या वर्षी वाटीएवढ्या. तिथल्या हमालांना विचारलं तर ते म्हणाले, ही यंदाची फ्याशन. बाबांनी तो शब्द ओझ्याबरोबर खाली आणला आणि मग जे जे त्यांना पटायचं नाही त्याला तेच नाव. चहा ही फ्याशन. साबण ही फ्याशन. मी केसांचा भांग पाडला ती फ्याशन, आणि त्यावरून मला आठ दिवस त्यांच्या पंक्तीला बसायला मिळालं नाही. आईचा अर्थ निराळा होता. तिच्या लेखी फ्याशन म्हणजे काम न करण्याचं निमित्त. आणि बाबांची बहीण सोनीआत्या, जी नवरा गेल्यापासून गावातच वरच्या आळीला राहायची, ती हा शब्द बायकांसाठीच वापरायची आणि वापरताना नाक मुरडायची. तिच्या तोंडी तो शिवीच्या फार जवळचा होता.

मी मात्र तो शब्द मनातल्या मनात गोड मानत होतो. भांग मी सोडला नाही.

माझी बायको द्वारका, खालापूरच्या पलीकडं कुंभिवली आहे, तिथली. तिची आई लवकर गेली आणि दोन धाकटे भाऊ तिनंच वाढवले, त्यामुळं तिचं लग्न त्या काळाच्या मानानं उशिरा, अठराव्या वर्षी झालं. आमच्या बायका म्हणायच्या, पोरगी थोराड हाय. तिला शिवणकाम येत होतं. खालापूरला दाऊद मास्तर म्हणून शिंपी होते, त्यांच्या घरातल्या बाईंनी तिला आईविना पोर म्हणून जवळ बसवून शिकवलं होतं. लग्नात तिनं स्वतःच्या हातानं शिवलेलं पोलकं आणलं. निळं, आणि बाह्यांना फुगे. खांद्याशी चुण्या घालून बाही फुगवायची आणि दंडाशी आवळायची, अशी ती तेव्हाची तऱ्हा होती. कापडाचा कंट्रोल चालू होता, वितीवितीनं कापड मिळत होतं, आणि हिनं फुग्यात चांगलं हातभर जास्तीचं कापड घातलं होतं. वरात दारात आली तेव्हा सोनीआत्या आईच्या कानात म्हणाली, पण अशी म्हणाली की सगळ्या पडवीला ऐकू जावं, "वैनी, फ्याशन आली गं घरात."

ते पोलकं ती सणासुदीलाच घालायची. बाकी दिवशी ठिगळाचं. मी कधी चोरून बघायचो. आम्ही दिवसाउजेडी एकमेकांशी बोलत नव्हतो, तशी रीतच होती. नाव घ्यायचं तर सोडाच. मला काही हवं असलं तर मी हवेत बोलायचो, "पाणी हाय का?" आणि ती तांब्या आणून ठेवायची. परवा मी हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, ते फुगे दंडाला फार काचायचे, लाल वळ उठायचे, ते लिहा. लिहिलं.

गणपतीच्या मागून गौर येते. आमच्याकडं ती तेरड्याची. पोरी नदीकाठून मुळासकट तेरडा आणायच्या, त्याची जुडी बांधून लाकडी उभ्या चौकटीला लावायची, वर पितळेचा मुखवटा, आणि मग तिला नेसवायचं. नेसवायचा मान घरच्या सवाष्णीचा. आमच्या घरात गौर आईच्या लग्नातलं हिरवं लुगडं नेसायची. नऊवारी, काष्टा घालून, वर दरसालची नवी खणाची चोळी. आई ती अशी नेसवायची की पाठमोरी गौर बघितली तर वाटावं, शेजारची कुणी शेतावर निघालीय. सगळा गाव बघायला यायचा. त्या वर्षी नव्या सुनेचा ओवसाही होता. म्हणजे सूप भरून गौरीला ओवाळायचं, सासरची पहिली मोठी पूजा. त्यामुळं बाया जास्तीच येणार होत्या.

आणि नेमकं आईच्या बोटाला नखुरडं झालं. हात कोपरापर्यंत सुजला, अंगात ताप. ती माजघरात घोंगडीवर पडून होती. गौर दारात आली तेव्हा तिनं द्वारकेला जवळ बोलावलं, कमरेची किल्ली काढून दिली आणि म्हणाली, आतल्या पेटीतलं लुगडं काढ नि नेसव, औंदा तुजा हात लागू दे. खण कुठंच मिळाला नव्हता. चोळी जुनीच घाल म्हणाली. द्वारका आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. पुष्कळ वेळ लागला. आई दोनदा म्हणाली, काय करती ही. मी पडवीत गौरीपुढं टांगायला काकड्या आणि पडवळं बांधत होतो. दार उघडलं, आणि मी आत बघितलं.

गौर गोल नेसली होती. काष्टा नाही. पुढं निऱ्या, आणि पदर खांद्यावरून मागं, नेरळच्या स्टेशनमास्तरांची बायको नेसायची तशी. आणि अंगात निळं पोलकं, फुग्यांच्या बाह्यांचं. द्वारकेनं स्वतःचंच पोलकं उसवून, आत घेऊन, गौरीच्या मापाचं केलं होतं. खरं सांगतो, गौर देखणी दिसत होती. पण तेव्हा मला देखणं दिसलं नाही. मला दिसलं ते उद्या येणारं गाव.

आई तापात होती, तिनं अंधारात मान वळवून बघितलं आणि पुन्हा डोळे मिटले. मला वाटतं तिला नीट दिसलंच नसावं. त्या दिवशी गौरीला भाजी-भाकरीचा निवद झाला, बाबा पडवीतूनच डोळे मिटून हात जोडून गेले. बोंब झाली ती दुसऱ्या दिवशी, घावन-घाटलं रांधून झाल्यावर, बाया सुपं घेऊन आल्या तेव्हा. आधी एक हसली, मग दुसरी. मग सोनीआत्या पुढं झाली, तिनं गौरीकडं बघितलं, द्वारकेकडं बघितलं आणि म्हणाली, "आगं बाय, हिनं तर देवाला पन फ्याशन लावली. उंद्या गौरीच्या पायात बूट घालशील."

बायांतल्या काही तरण्या पोरी तोंडाला पदर लावून बघत होत्या आणि त्यांना ते आवडलं होतं, हे मला आज आठवतं. एकीनं तर फुग्याला बोट लावून बघितलं. पण म्हाताऱ्यांचं पारडं जड. गौर कोपेल, भात पोचट होईल, असं सुरू झालं. बाबा पडवीतून उठून उंबऱ्यात आले. त्यांनी गौर नीट बघितली, आणि माझ्याकडं वळले. द्वारकेला ते काही बोलले नाहीत. सुनेशी सासरा बोलत नसे. ते मला बघत राहिले, म्हणजे आता तू बोल. आणि मी बोललो. भांगवाला मी. सगळ्या बायांच्या देखत, तिच्याकडं न बघता मोठ्यानं म्हणालो, "ह्या घरात फ्याशन चालायची नाय. सोड त्ये, आन नीट नेसव."

ती सुपात तांदूळ घालत होती. अंगात ठिगळाचं पोलकं. पहिल्या ओवशाला ती ठिगळाच्या पोलक्यात उभी होती आणि ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. तिनं तांदूळ घालायचे थांबवले नाहीत. खाली बघूनच म्हणाली, "गौरीच्या अंगावरचं बोळवणीआधी उतरवत नायत."

ते खरं होतं. तशी रीत होती, आणि रीतीपुढं सोनीआत्याही मागं सरली. पण सगळ्यांच्या देखत सुनेनं उलटं उत्तर दिलं, हे बाबांना पुरलं.

इथं मी जरा थांबतो. ह्या शब्दाचं मला पुढं फार कुतूहल लागलं. आमची नात कर्जतच्या कॉलेजात शिकली, आता दुसऱ्यांना शिकवते. तिच्याकडं उशीएवढा जाड कोश आहे. तिला मी म्हणालो, त्यात फ्याशन बघ. ती म्हणाली, आजोबा, हा शब्द इंग्रजांचाही मुळातला नाही. फ्रेंच लोकांकडून त्यांनी घेतला, आणि त्यांनी लॅटिन म्हणून एक जुनी भाषा आहे तिच्यातून. तिथं त्याचा अर्थ करणं, बनवणं. कारखान्याला इंग्रजीत फॅक्टरी म्हणतात ते त्याच घरातलं. आधी वस्तूच्या घडणीला म्हणायचे, मग वागण्याच्या तऱ्हेला, आणि मग बड्या लोकांच्या चालू तऱ्हेला. आणखी एक गंमत तिनं सांगितली. गावात दोन तट पडतात ना, त्याला इंग्रजीत फॅक्शन असा एक शब्द आहे, तो ह्याचा सख्खा भाऊ. एकाच पोटचे दोघं, एकाचा अर्थ ढब आणि दुसऱ्याचा फळी. मी तिला म्हणालो, हे मला कोशाशिवाय ठाऊक आहे. एका पोलक्यापायी आमच्या गावाच्या दोन फळ्या झालेल्या मी बघितल्यात.

पण त्यातलं निम्मं मला त्या ओवशाच्याच दिवशी संध्याकाळी ऐकायला मिळालं होतं. दाऊद मास्तर सणाच्या आधी आमच्या बाजूला येऊन मापं घ्यायचे आणि सणात शिवलेलं आणून द्यायचे. त्या दिवशी ते बाबांची बंडी घेऊन आले. नेहमी मुक्काम नेरळला त्यांच्या पाव्हण्यांकडं करायचे आणि सकाळी परत खालापूरला. बाबांनी बंडी घेतली, घडीही मोडली नाही, आणि म्हणाले, मास्तर, एक निरोप हाय, कुंभिवलीला पोचवा. तिच्या बापाला सांगा, येऊन लेक घेऊन जा. आमी बोलवू तवा पाठवा. आणि नाय बोलवली तर नाय.

मास्तर ओट्यावर बसले. पांढरी दाढी, गळ्यात माप घ्यायची फीत. ते फीत झोपतानाही काढत नसावेत असं मला लहानपणी वाटायचं. त्यांनी काय झालं ते ऐकून घेतलं आणि ओट्यावरूनच, जिथून दिसत होतं तिथून, गौरीकडं पुष्कळ वेळ बघितलं.

"शिलाई सफाईची हाय," ते म्हणाले.

"शिलाईचं कोन बोलतंय? फ्याशनीचं बोलतोय मी."

मग मास्तरांनी सांगितलं, की तरुणपणी ते पुण्याला पलटणीच्या शिंपीखात्यात होते. तिथं एक म्हातारा गोरा शिंपी होता, त्यानं त्यांना कातर धरायला शिकवली. तो म्हणायचा की ह्या शब्दाचा अर्थ आधी नुसता हातानं घडवणं असा होता. कुंभारानं मडकं केलं तरी तो शब्द आणि लोहारानं विळा केला तरी तोच. मग एकानं केलेलं बघून दुसरा तसंच करायला लागला, तेव्हा त्या सारखेपणाला तो शब्द लागला. बाबांनी विचारलं, मग ती आणि आमची रीत एकच की काय. विचारलं ते टोमण्यानं. मास्तर शांतपणे म्हणाले, "दादा, एकाच ताग्यातलं कापड हाय. तुमच्या पणजीनं काष्टा घातला तवा तिच्या सासूनं काय म्हनलं आसंल, कुनी ऐकलंय?"

दुसऱ्या कुणाला हे ऐकून हसू आलं असतं. बाबांनी पान थुंकलं. म्हणाले, तुमी शिंपी, तुमाला फ्याशन गोडच लागनार, पोटापान्याची गोष्ट. निरोप पोचवताय का दुसरा मानूस बघू? मास्तर म्हणाले, पोचवतो. निरोप अडवणारा मी कोण. जाताना माझ्याजवळ थांबले. त्यांनी नुसतं माझ्या भांगाकडं बघितलं.

पुढचा दिवस उजाडला. द्वारकेला निरोपाचं कळलं होतं, घरात भिंतीच किती. तिनं गोठा झाडला, भांडी घासली, आईच्या बोटाला पोटीस बांधलं. दुपारी मला ती विहिरीपाशी एकटी दिसली. मी जवळ गेलो, आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून म्हणालो, "आसं का केलंस त्ये तरी सांगायचं."

तिनं घागर कमरेवर घेतली. "इचारलं व्हतं का तुमी?" म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी बोळवण. आईचा ताप उतरला होता, ती भिंत धरून उठली आणि म्हणाली, लुगडं मीच उतरवनार. बायका पडवीत जमल्या होत्या, बाबा झोपाळ्यावर सुपारी कातरत होते. आई आत गेली. मी उंबऱ्यात होतो, तेरड्याची जुडी उचलून नदीवर न्यायची म्हणून. तिनं आधी मुखवटा काढला, मग पदर सोडला, मग एका हातानं निऱ्या ओढल्या. निऱ्यांच्या आत लुगड्याचा एक मोठा भाग घडी करकरून दडवलेला होता, आणि वरून दोरा घालून टाचलेला. आईनं दातानं दोरा तोडला. घडी उलगडली, आणि तिच्यातून माती गळाली.

वाळवी. पेटीच्या बुडाला वाळवी लागली होती. चार-साडेचार वार लुगडं चाळणीसारखं झालं होतं, जुनी चोळी तर नुसती नावाला उरली होती. जेवढं धड होतं तेवढ्यात काष्टा होणं शक्यच नव्हतं.

आता आमच्याकडं सवाष्णीचं लग्नातलं लुगडं असं जाणं म्हणजे काय मानतात, ते मी लिहिलं पाहिजे. तो नवऱ्याच्या जिवाला अपशकून. हे बोललं की त्या घरात वर्षभर बोललं जातं. नवऱ्याला साधी शिंक आली तरी बायका एकमेकींकडं बघतात. पेटी उघडली तेव्हा द्वारकेला ते कळलं. माजघरात सासू तापानं पडलेली, उद्या दारात गाव. तिनं दार लोटलं, सुई घेतली आणि स्वतःचं एकुलतं चांगलं पोलकं उसवलं. बोलली असती तर ती सुटली असती. पण आईच्या कपाळाला बोल लागला असता.

आई ते लुगडं हातात धरून उभी राहिली. मला वाटलं ती ते परत घडी घालून ठेवील. मीही बोललो नसतो, द्वारका तर नाहीच. पण तिनं मला बाजूला सारलं, ती पडवीत आली आणि ते लुगडं बायांच्या मधोमध जमिनीवर पसरलं. भोकांतून खालचं सारवण दिसत होतं.

"बघा गं. माज्या लगनाचं हाय. वाळवीनं खाल्लं आन मला पत्ता नाय. पोरीनं तिचं पोलकं फाडलं, माजी लाज झाकली. तिला तुमी काय काय बोललात, बोला आता."

सोनीआत्याचे ओठ हलले, ती कपाळाकडं बोट नेऊन म्हणाली, वैनी, पन ह्ये लगनाचं लुगडं, ह्ये चांगलं नाय. आईनं झोपाळ्याकडं हात केला. "त्यो काय बसलाय माजा दादला, सुपारी कातरतोय. वाळवीला इचारून जगतोय का त्यो?"

एक-दोघी हसल्या. मग सगळ्याच. बाबांचा अडकित्ता थांबला होता. त्यांचा चेहरा मी तेव्हा बघितला, आणि त्या चेहऱ्यावर भीती नव्हती, रागही नव्हता, नुसता गोंधळ होता. ते म्हणाले, मग आधी का नाय बोलली. आई म्हणाली, कुनाला बोलनार, तुमाला? त्यावर त्यांनी पुन्हा सुपारी कातरायला घेतली. आम्ही गौर नदीवर नेली. बायका गात होत्या, आणि द्वारका त्यांच्यात मधे होती, मागं नव्हती. परत येताना त्याच फुग्याला बोट लावणारी पोर तिला विचारत होती, की बाहीच्या चुण्या कशा घालतात.

घरी आल्यावर मी बाबांना विचारलं, निरोपाचं काय. ते गुरांना वैरण घालत होते. म्हणाले, शब्द गेला, आता त्यो काय परत येतोय. येऊ दे त्याला, आला की कळंल. मी म्हणालो, तो माणूस काय मनात धरून येईल. बाबा म्हणाले, "मी नाय जायचा त्याच्या दारात सांगायला." आणि त्यांनी पाठ फिरवली. मी त्या पाठीकडं बघत उभा राहिलो. ती पाठ मला पुरेपूर ओळखीची होती, ती माझीच होती. कुणाला चूक झाली असं म्हणायचं म्हणजे आमच्या दोघांच्याही मानेत लोखंडाची सळई. त्या दिवसापर्यंत मी आयुष्यात कुणाला ते म्हटलेलं नव्हतं. शाळामास्तरांना नाही, आईला नाही. द्वारकेला तर त्या संध्याकाळीही म्हणता आलं नाही. ती चुलीपाशी होती, मी दोनदा आत गेलो आणि दोनदा पाणी पिऊन बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नेरळच्या गाडीची शिट्टी व्हायच्या आत, मी वाटेला लागलो. कुणाला सांगितलं नाही. फक्त द्वारका अंगणात सडा टाकत होती, तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी ज्या वाटेला वळलो ती वाट बघितली, आणि सड्याचं पाणी तिच्या हातातच राहिलं. मी कर्जतच्या रस्त्याला लागलो. चिखल घोट्याएवढा, दोन्ही अंगांना भात पोटरीला, म्हणजे लोंब्या सुटायच्या बेतात, आलेलं. चालताना मी काय बोलायचं ते जुळवत होतो. लांबलचक जुळवलं होतं, त्यात वाळवी होती, कंट्रोल होता, सोनीआत्या होती, बाबा होते. सगळे होते, मीच नव्हतो.

कर्जतच्या अलीकडं, नदीच्या उतारापाशी, समोरून एक माणूस येताना दिसला. पाणी मांडीपर्यंत होतं, तो धोतर वर खोचून येत होता. डोकं उघडं. मुंडासं त्यानं काढून काखेत धरलं होतं. मी ओळखलं, द्वारकेचा बाप. अंधारातच निघाला असणार, त्याशिवाय इतक्या सकाळी इथवर पोचायचा नाही. आणि मुंडासं काखेत का आहे तेही मला कळलं. ते माझ्या बापाच्या पायावर ठेवायला निघालं होतं.

मी जुळवलेलं सगळं तिथंच वाहून गेलं. मी पाण्यात उतरलो आणि तो काठावर येण्याआधी, पाण्यातच, त्याच्या पायाला वाकलो. तो दचकून मागं सरला. त्याला वाटलं मी वाईट बातमी आणलीय. म्हणाला, "जावयबापू, पोरगी?"

"बरी हाय," मी म्हणालो.

"काय केलं तिनं?"

"गौर नेसवली. लई चांगली नेसवली. चूक माजी हाय, मामा."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं, मी खरं बोलतोय का नुसतं समजूत घालतोय ते. पाणी आमच्या मधून चाललं होतं. मी त्याच्या काखेतलं मुंडासं काढून घेतलं. मला ते नीट बांधता येत नव्हतं, आमच्याकडं टोपी. तरी मी ते त्याच्या डोक्याला जसं जमलं तसं गुंडाळलं, आणि त्याचं गाठोडं माझ्या खांद्यावर घेऊन म्हणालो, चला घरी, जेवूनच जायचं.